कांद्याचा जिवाणू आणि सहा फुटांचं अंतर

२०२०च्या एप्रिलमध्ये पुण्यातलं हॉस्टेल रिकामं करून मी गावी आले होते, निफाड तालुक्यात. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, विषय सूक्ष्मजीवशास्त्र, आणि परीक्षा होणार की नाही हे विद्यापीठालाही माहीत नव्हतं. दिवसभर उन्हाळ कांद्याची काढणी चालायची आणि रात्री गच्चीवर रेंज पकडून मी मोबाईलवर सिनेमे बघायचे. गावातल्या किराणा दुकानासमोर चुन्याने गोल आखले होते. त्या गोलांत उभी राहून तेल-साखर घेऊन आले, त्याच रात्री मैत्रिणीने सुचवलेला ‘फाइव्ह फीट अपार्ट’ पाहिला.

तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. २०१९चा आहे. स्टेला आणि विल एकाच हॉस्पिटलात भरती, कोवळ्या वयाचे, दोघांनाही सिस्टिक फायब्रॉसिस. नियम असा, की या आजाराच्या दोन रुग्णांनी एकमेकांपासून सहा फूट लांब राहायचं. आजाराने आपलं सगळंच चोरलंय, तर आपण त्यातला एक फूट परत घेऊ, असं स्टेला ठरवते. मग पाच फुटांची बिलियर्डची काठी आणली जाते आणि दोघं तिची दोन टोकं धरून फिरतात. सिनेमा रडवण्यासाठीच बेतलेला आहे, आणि मी रडलेही. पण एका जागी मात्र मी तो थांबवला आणि मागे घेतला. विलच्या फुफ्फुसात कुठला जंतू आहे ते सांगतात, तिथे. नाव होतं बी. सेपेशिया.

सेपा म्हणजे लॅटिनमध्ये कांदा. आमच्या पाठ्यपुस्तकात या जिवाणूवर जेमतेम दीड ओळ होती. आणि खाली अंगणात, बापूंनी ताडपत्री घालून ठेवलेली, सेपाची हीऽऽ रास.

कांद्यावरून माणसाच्या फुफ्फुसात तो कसा गेला, हे शोधायला मी बसले. लॉकडाऊनमध्ये वेळ भरपूर होता. सापडली ती मात्र जिवाणूपेक्षा माणसांचीच गोष्ट. एकमेकांना नुकतीच सापडलेली माणसं, आणि एकमेकांपासून लांब राहा असं त्यांना सांगावं लागलं, ती गोष्ट.

*

वॉल्टर बर्कहोल्डर हा न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठातला वनस्पतिरोगतज्ज्ञ. कांद्याच्या एका सडीचा त्याने अभ्यास केला. तिची खूण अशी, की बाहेरचे एक-दोन मांसल पापुद्रे बुळबुळीत आणि पिवळट होतात, आंबूस वास सुटतो, पण दाबलं तर आतला गाभा टणकच्या टणक निसटून हातात येतो. १९५०मध्ये त्याने या रोगाचं वर्णन छापलं. रोगाला ‘सावर स्किन’, म्हणजे आंबट साल, म्हटलं आणि जिवाणूचं नाव ठेवलं सुडोमोनास सेपेशिया. १९९२मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याला सुडोमोनासच्या कुळातून काढून नवं कूळ दिलं, आणि त्या कुळाला बर्कहोल्डरचं नाव दिलं. म्हणून आता तो बर्कहोल्डेरिया सेपेशिया.

आमची आजी पावसाळ्यात कांदाचाळीच्या कडेने नुसती चालत गेली तरी सड कुठल्या कप्प्यात धरलीय ते वासावरून सांगायची. चाळीतला कांदा बुरशीने सडतो, तऱ्हेतऱ्हेच्या जिवाणूंनीही सडतो. तिला त्यांच्या नावांशी देणंघेणं नव्हतं.

हा जिवाणू भलताच चिवट. मातीत राहतो, पाण्यात राहतो. हॉस्पिटलातल्या जंतुनाशक द्रावणात तो मजेत जगताना सापडला आहे. त्याचे काही वाण तर पेनिसिलिन खाऊन वाढतात. आपण ज्याला औषध म्हणतो ते त्याचं जेवण. धडधाकट माणसाला मात्र तो सहसा काही करत नाही. आजीने आयुष्यभर सडके कांदे हाताळले, तिला साधा खोकलाही झाला नाही.

सिस्टिक फायब्रॉसिसचं, म्हणजे सी.एफ.चं, फुफ्फुस वेगळं असतं. हा जनुकीय आजार. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तर होतो. पेशीच्या आवरणातून क्षाराची ये-जा सांभाळणारं एक प्रथिन नीट बनत नाही. त्यामुळे घाम फार खारट होतो आणि श्वासनलिकांमधला ओलावा घट्ट, चिकट होऊन बसतो. ज्या बाळाच्या कपाळाचा मुका खारट लागतो ते फार जगत नाही, अशी युरोपात जुनी समजूत होती. आपल्या फुफ्फुसात येणारे जंतू रोज कफाबरोबर वर ढकलले जातात. यांच्यात ते अडकून राहतात, वस्ती करतात, आणि मग वर्षानुवर्षं हलत नाहीत.

आजाराला नाव मिळालं ते १९३८मध्ये. न्यूयॉर्कमधल्या लहान मुलांच्या रुग्णालयात डोरोथी अँडरसन या डॉक्टरबाईंनी दगावलेल्या बाळांची शवविच्छेदनं करता करता स्वादुपिंडातल्या गाठी आणि चट्टे नोंदवले, तिथून. दहा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. हीच मुलं सर्वांत आधी कोलमडली, आणि त्यावरून त्यांच्या घामात मीठ जास्त जातं हे कळलं. आजही तपासणी घामाचीच होते. पण १९५०च्या दशकात या मुलांनी शाळेचं तोंड बघणं हीच मोठी गोष्ट होती. पुढे अँटिबायोटिक्स आली. जेवणाबरोबर घ्यायची एन्झाइम्स आली. दिवसातून दोनदा पाठीवर थापट्या मारून कफ मोकळा करायची पद्धत रुळली. मुलं जगू लागली.

जगली म्हणून त्यांना मित्र हवे झाले. अमेरिकेत आणि कॅनडात सी.एफ.च्या मुलांसाठी उन्हाळी कॅम्प निघाले. वर्षभर शाळेत तुम्ही एकटेच असता. खोकला सुरू झाला की सगळा वर्ग मागे वळून बघतो, डबा उघडला की आधी मूठभर गोळ्या, खेळाच्या तासाला बाकावर बसायचं. आणि वर्षातला एकच आठवडा असा, की सगळेच खोकतात. कुणी वळून बघत नाही. गोळ्या सगळ्यांच्याच ताटाशेजारी. रात्री एका खोलीत झोपायचं आणि सकाळी एकमेकांच्या पाठी बडवायच्या. आईवडिलांनाही तेवढीच उसंत. त्या कॅम्पात हयातभराची मैत्री होत असे. मात्र ती हयात दोघांचीही किती असेल, हे कुणी बोलून दाखवत नसे.

*

पहिली धोक्याची घंटा वाजली टोरंटोत. तिथल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८४मध्ये एक निबंध छापला. त्यांच्या सी.एफ. रुग्णांमध्ये हा कांद्यावरचा जिवाणू १९७१मध्ये १० टक्क्यांच्या थुंकीत होता, १९८१मध्ये १८ टक्क्यांच्या. काहीजण तो घेऊन वर्षानुवर्षं बरे राहत. काहीजण हळूहळू खालावत. आणि काहीजणांचं असं होई, की आदल्या महिन्यापर्यंत बरं असलेलं पोर एकाएकी तापाने फणफणे, फुफ्फुस सडत जाई, आणि काही आठवड्यांत सगळं संपे. औषधांचा उपयोग होत नसे. याला पुढे ‘सेपेशिया सिंड्रोम’ असं नाव पडलं.

हे येतंय कुठून? मातीतून, नळातून, हॉस्पिटलच्या यंत्रांमधून, की एकमेकांकडून? इथे मला या इतिहासातला सर्वांत मानवी भाग दिसतो. शेवटचं उत्तर कुणालाच नको होतं. त्या वेळची शिकवण अशी होती, की सी.एफ.चा प्रत्येक रुग्ण आपापला जंतू आपापल्या भोवतालातून उचलतो. ती शिकवण सोयीचीही होती, कारण ती खरी असेल तर कॅम्प चालू ठेवता येत होते. डॉक्टर दुष्ट होते असं मी म्हणत नाही. त्यांनी ती मुलं कॅम्पात हसताना पाहिली होती.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी पुराव्याची वाट पाहिली नाही. सेपेशिया असलेल्यांना त्यांनी इतरांपासून वेगळं ठेवायला सुरुवात केली. नव्या लागणी कमी झाल्या, आणि १९८६मध्ये त्यांनी तसं लिहिलं. तरीही शंका घ्यायला जागा होती. दोघांच्या थुंकीत एकाच नावाचा जिवाणू सापडला, एवढ्याने एकाचा दुसऱ्याला लागला हे सिद्ध होत नाही. एकाच आडनावाची दोन माणसं भावकीतली असतीलच असं नाही, तसं. त्यासाठी जिवाणूच्या जनुकांचा ठसा घ्यावा लागतो, आणि ते तंत्र १९८०च्या दशकाच्या शेवटी हाताशी आलं.

मग उत्तरं भराभर आली. दोन रुग्णांमध्ये थेट लागण झाल्याचा पुरावा १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तीन कॅम्पांमधल्या मुलांची तपासणी झाली. काही मुलं सेपेशियाशिवाय आली होती आणि तो घेऊन घरी गेली. ज्या कॅम्पात आधीच लागण झालेली मुलं जास्त होती, तिथे धोकाही जास्त होता.

१९९३चा एडिंबराचा निबंध मी त्या गच्चीवर दोनदा वाचला. जॉन गोव्हन हा तिथला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. १९८६ ते १९९२ या काळात त्याने आणि सहकाऱ्यांनी एडिंबरा आणि मँचेस्टर इथल्या २१० रुग्णांचे जंतू तपासले. १९८९नंतर वाढलेल्या लागणींमागे मुख्यतः एकच वाण होता, आणि तो दोन्ही शहरांत होता. हॉस्पिटलच्या यंत्रांतून तो पसरला नव्हता, माणसांच्या भेटीगाठींतून पसरला होता. निबंधाची भाषा कोरडी आहे: जवळचा किंवा वारंवार येणारा सामाजिक संबंध जोखमीचा, आणि म्हणून खबरदारी फक्त हॉस्पिटलापुरती ठेवून भागणार नाही. याचा मराठीत अर्थ असा, की तुमची मैत्रीण, तुमचा प्रियकर, रुग्णसंघटनेच्या बैठकीत शेजारी बसणारा, हे सगळे तुम्हाला मारू शकतात. आणि तुम्ही त्यांना.

पुढे कळलं, की हा वाण कॅनडातही पसरलेला आहे. त्याला नाव मिळालं ई.टी.१२, म्हणजे ‘इलेक्ट्रोफोरेटिक टाइप १२’. तो अटलांटिक ओलांडून गेला कसा, याचा संशय उन्हाळी कॅम्पांवरच गेला. या वाणाच्या अंगावर वेण्यांसारखे पिळदार धागे असतात आणि त्यांनी तो कफाला चिकटतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची त्याची चित्रं पाहिलीत तर सुंदर म्हणाल.

*

कॅम्प बंद झाले. अमेरिकेत आणि कॅनडात १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच ही लाट ओसरली. काही रुग्णांनी डॉक्टरांवर राग काढला. आम्ही काय करायचं ते आम्ही ठरवू, असं त्यांचं म्हणणं. ते मला चुकीचं वाटत नाही, फक्त लागण दुसऱ्यालाही होते, तिथे ते लंगडं पडतं. रुग्णांमध्येच दोन तट पडले, सेपेशिया असलेले आणि नसलेले. क्लिनिकचे वार वेगळे झाले. ‘तुझ्यात आहे का?’ हा ओळख झाल्यावरचा पहिला प्रश्न झाला.

‘लांब बस’ या शब्दांना आपल्याकडे काय इतिहास आहे ते मी सांगायला नको. त्यामुळे हे वाचताना माझा पहिला हात संशयाकडेच गेला. पण नीट पाहिलं तर हे अंतर उलट्या जातीचं आहे. सी.एफ.च्या माणसापासून तुम्हाला-मला जवळपास काही भीती नाही. त्याला मिठी मारा, त्याच्या ताटात जेवा. तो धोकादायक आहे तो फक्त दुसऱ्या सी.एफ.वाल्याला. म्हणजे ज्याला तुमचं दुखणं न सांगता कळतं, नेमका तोच.

यात एक चूक अशी झाली, जी वाचून मी फोन बाजूला ठेवला. वेगळं ठेवायचं म्हणजे कसं, तर ज्यांना सेपेशिया आहे ते सगळे एकत्र. त्यांना आता काय लागायचं राहिलंय, असा हिशेब. निदान त्यांना एकमेकांची सोबत तरी मिळेल. पण १९९७मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी दाखवलं, की ‘सेपेशिया’ नावाखाली किमान पाच वेगवेगळे प्रकार दडलेले आहेत. त्यातला एक सर्वांत घातकी. ई.टी.१२ त्यातलाच. त्याला पुढे सेनोसेपेशिया हे वेगळं नाव मिळालं. सौम्य प्रकार घेऊन जगणारे काहीजण त्या ‘सुरक्षित’ गटात बसून घातकी प्रकार घेऊन उठले. पुढच्या वर्षी लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी असं झाल्याचं लिहिलं. सोबतीची शेवटची जागाही गेली.

त्याच लिव्हरपूलमधल्या मुलांच्या क्लिनिकात १९९६मध्ये आणखी एक भिंत पडली होती. सुडोमोनास एरुजिनोझा हा सी.एफ.मधला नेहमीचा जंतू. बहुतेक प्रौढ रुग्णांच्या फुफ्फुसात तो असायचाच. तो तरी ज्याचा त्याचा, असं समजलं जात होतं. औषधांना न जुमानणारा त्याचा एकच वाण त्या क्लिनिकातल्या कित्येक मुलांमध्ये निघाला. मागोमाग मँचेस्टरमधून आणि मेलबर्नमधून तशाच बातम्या आल्या. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी मात्र सुडोमोनासवाले आणि बिनसुडोमोनासवाले १९८०च्या दशकापासूनच वेगळे केले होते. तेव्हा इतरांना तो अतिरेक वाटला होता.

मग क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस. हा पाण्यातून आणि मातीतूनच येतो, माणसाकडून नाही, हे तर पक्कंच धरलेलं. २०१३मध्ये इंग्लंडमधल्या पॅपवर्थ रुग्णालयातल्या ३१ रुग्णांचे १६८ नमुने घेऊन त्यांची अख्खी जनुकं अक्षरन् अक्षर वाचली गेली. दोन रुग्णांच्या जंतूंमधला फरक कधी कधी एकाच रुग्णाच्या दोन नमुन्यांपेक्षाही कमी निघाला. आणि हे लोक एकमेकांच्या मिठीत नव्हते. एकाच इमारतीत ये-जा करणं पुरलं होतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये रुग्णांना एका बंद नळकांड्यात खोकायला लावून मोजलं. जिवंत सुडोमोनास चार मीटर लांब पोचला आणि ४५ मिनिटं हवेत टिकला.

अमेरिकेतल्या सी.एफ. फाउंडेशनच्या २००३च्या नियमांत अंतर तीन फूट होतं. २०१३मध्ये ते सहा झालं. बंद जागेतल्या त्यांच्या कार्यक्रमाला सी.एफ. असलेली एकच व्यक्ती हजर राहील, असंही तेव्हा ठरलं. म्हणजे सी.एफ.चा कार्यक्रम, आणि सभागृहात सी.एफ.चा माणूस एकच. बाकीचे सगळे आईबाप, डॉक्टर, देणगीदार.

सिनेमातल्या काठीचा उगम हा असा आहे. क्लेअर वाइनलँड नावाची मुलगी यूट्यूबवर या आजाराबद्दल बोलायची, हसत, नाकात ऑक्सिजनची नळी घालून. सिनेमाच्या दिग्दर्शकाने आधी तिच्यावर माहितीपट केला होता, आणि या सिनेमासाठी तिचा सल्लाही घेतला होता. २०१८च्या सप्टेंबरमध्ये फुफ्फुसरोपणानंतर ती गेली, २१ वर्षांची होऊन. सिनेमा तिने पाहिला नाही. तिच्या पिढीने एक गोष्ट मात्र आपल्या सगळ्यांच्या आधी शिकून घेतली होती. प्रेम, भांडण, वाढदिवस आणि अंत्यदर्शनसुद्धा पडद्यावरून. २०२०मध्ये आपण चुन्याच्या गोलात उभे राहून कुरकुरत होतो, तेव्हा त्यांच्यासाठी तो नेहमीचा मंगळवार होता.

भारतात हा आजार नाहीच, तो गोऱ्यांचा, असं बराच काळ मानलं जाई. १९६०च्या दशकाच्या शेवटी इथल्या रुग्णांचे पहिले अहवाल आले. तरी आजही घामाची तपासणी सगळीकडे होत नाही, आणि सतत खोकणाऱ्या, वजन न धरणाऱ्या पोराला आधी टीबीचं औषध सुरू होतं. आपल्याकडच्या रुग्णांना कॅम्प बंद झाल्याचं दुःख व्हायलाही आधी निदान व्हावं लागेल. अमेरिकेत २०१९च्या ऑक्टोबरमध्ये तीन औषधांची एक गोळी मंजूर झाली. मूळ बिघडलेल्या प्रथिनालाच ती वळणावर आणते. ती घेणाऱ्या अनेकांचा कफ इतका कमी झाला, की तपासायला थुंकी मिळेना. किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. शिवाय ती काही ठरावीक जनुकदोषांवरच चालते. गोऱ्या रुग्णांत सर्रास आढळणारा दोष भारतीय रुग्णांमध्ये त्या मानाने कमी आहे.

काही घरांत दोन भावंडांना सी.एफ. असतो. तिथे सहा फूट कसे पाळणार? नियम करणाऱ्यांनीही तिथे हात टेकले आहेत. वाफ घ्यायची यंत्रं वेगळी ठेवा, टूथब्रश वेगळे, शक्य असेल तर पाठीवरच्या थापट्यांची वेळ आणि खोली वेगळी. बाकी, भावंडं आहेत.

आमची परीक्षा शेवटी ऑनलाइन झाली. आता मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर आहे. जगभरच्या अशा कितीतरी फ्रीझरांत जे२३१५ नावाचा एक नमुना असतो. ई.टी.१२ घराण्यातला हा सेनोसेपेशिया, १९८९मध्ये एडिंबरातल्या एका रुग्णाच्या कफातून घेतलेला. त्याची तीन गुणसूत्रं आहेत आणि एक प्लाझ्मिड. २००९मध्ये त्याचं सगळं जनुकसूत्र छापून आलं, ८० लाखांहून जास्त अक्षरांचं. तेव्हापासून या जिवाणूवरच्या बहुतेक प्रत्येक निबंधात त्याचं नाव असतं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी तळटीपेत रुग्णाबद्दल काही आहे का ते बघितलं. कुठे लागण झाली, सोबत कोण होतं, वय काय. तिथे नमुना घेतल्याचं साल होतं आणि शहराचं नाव.